चर्चच्या भागाला गाभारा म्हणावं का?

प्रश्न: इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या किलपेक गावच्या चर्चवर मराठीत लिहितो आहे. सुमारे ११४० चं, लाल वालुकाश्मातलं छोटेखानी बांधकाम. आत एकामागे एक तीन भाग: नेव्ह, चान्सल आणि टोकाला अर्धगोल ॲप्स. यांना देवळासारखं सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गाभारा यांच्यामधला भाग), गाभारा म्हटलं तर चालेल का? आणि छपराखाली ओळीनं कोरलेल्या कॉर्बेलना, म्हणजे आधाराच्या दगडांना, काय म्हणायचं?

प्रतिसाद: नेव्हला सभामंडप खुशाल म्हणा. गावकरी तिथेच उभे राहून प्रार्थना ऐकत. गाभारा मात्र कुठेच नको. गाभारा म्हटलं की एका दाराची अंधारी खोली आणि आत प्रतिष्ठापना केलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते. किलपेकच्या ॲप्सला खिडक्या आहेत, उजेड थेट आत येतो. चान्सल हा पाद्र्यांचा भाग. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाळी, कठडा. मध्ययुगात डागडुजीचा खर्चसुद्धा विभागलेला असे: नेव्ह गावकऱ्यांनी सांभाळायचा, चान्सल रेक्टरनं, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्यानं. एवढं सगळं ज्या शब्दात आहे तो बदलू नये. चान्सलच लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पाद्र्यांचा भाग’ असा खुलासा करा.

दुसरा प्रतिसाद: वरच्याशी सहमत. ॲप्ससाठी ‘चापाकार टोक’ लिहा, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या वर्णनामुळे वाचकाला ते ओळखीचं आहे. कॉर्बेलला ‘दगडी हस्त’ म्हणता येईल, पण ते वळचणीखाली भिंतीतून बाहेर आलेले आहेत हे सांगायला हवं, नाहीतर लोक खांबावरचे हस्त समजतील. किलपेकला असे ८५ हस्त टिकून आहेत. एकावर कुत्रा आणि ससा अगदी गालाला गाल लावून बसलेत. कुत्र्याचे कान पडलेले, डोळे वाटोळे. इतका लोभस दगड मी दुसरा पाहिलेला नाही, लेखात त्याचा फोटो टाकाच.

आणखी एक. तिथल्याच एका हस्तावर दोन्ही हातांनी योनी फाकवून दाखवणारी स्त्री आहे. तिला ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. मराठीत तिचं ‘लज्जागौरी’ करून टाकायचा मोह होईल, तो आवरा. लज्जागौरी देवता आहे, लोक तिला संततीसाठी पुजत आले. शीला-ना-गिग कशासाठी कोरली यावर अभ्यासकांत एकमत नाही: कुणी कामवासनेविरुद्धचा इशारा मानतं, कुणी वाईट शक्तींपासूनचं रक्षण. लज्जागौरी लिहिलंत तर त्या वादाचा निकाल तुम्हीच परस्पर लावल्यासारखं होईल.