हालचालींची अडचण असलेल्या लहान मुलासाठी स्थानिक संस्था निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न (दीड वर्षाच्या मुलाची आई)

नमस्कार. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याचा जन्म 29व्या आठवड्यात झाला आणि पहिले दोन महिने तो नवजात अतिदक्षता विभागात होता. हाक मारली की तो वळून पाहतो, हातांनी खेळणी धरतो, ओळखीच्या माणसांकडे झेपावतो. पण उभे केले की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात आणि टाचा जमिनीला टेकत नाहीत. गेल्या महिन्यात त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारी हालचालींची अडचण), त्यातही स्नायू ताठ करणारा आणि दोन्ही पायांवर अधिक परिणाम करणारा स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार असल्याचे निदान झाले. मेंदूला झालेली इजा वाढत जाणार नाही, मात्र मूल वाढेल तसा स्नायूंवर आणि सांध्यांवर येणारा ताण वाढेल, त्यामुळे वाट पाहत बसू नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आमच्या भागात अशा मुलांसाठी काम करणाऱ्या दोन धर्मादाय संस्था आहेत. पहिलीत मुलाला तासभर आत घेतात, पालक बाहेर बसतात आणि व्यायाम झाला की मूल परत हाती देतात. 'सहा महिन्यांत चालायला लावू' असे तिथल्या एका कार्यकर्त्यांनी सांगितले. दुसरीत आईवडिलांपैकी एकाने पूर्ण वेळ मुलासोबत थांबणे बंधनकारक आहे, मुलांना गटात बसवतात, आणि तो चालेल का असे विचारले तेव्हा 'आत्ता सांगता येणार नाही' एवढेच उत्तर मिळाले. खरे सांगायचे तर पहिल्या संस्थेतून निघताना मला हलके वाटले आणि दुसऱ्या संस्थेतून निघताना रडू आले. घरातल्या मोठ्यांचा कल पहिलीकडेच आहे आणि माझ्या नोकरीच्या वेळांनाही तीच सोयीची आहे.

मला संस्थांची नावे नको आहेत. अशी संस्था चांगली आहे हे ओळखायचे कसे, तिथे जाऊन काय पाहायचे आणि काय विचारायचे, हे या वाटेने गेलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद 1 (मुलांसाठी काम करणारी फिजिओथेरपिस्ट)

ताई, ज्या उत्तराने तुम्हाला रडू आले ते उत्तर प्रामाणिक होते, हे आधी सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच पातळ्यांत वर्गीकरण करतात. जीएमएफसीएस या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत 1997 साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. पहिल्या पातळीचे मूल कोणत्याही आधाराशिवाय चालते, पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरण्यासाठीही मदत लागते. मूल कोणत्या पातळीत आहे यावरून ते पुढे कसे चालेल-फिरेल याचा बराचसा अंदाज येतो, पण दोन वर्षांच्या आत ठरवलेली पातळी पुष्कळदा बदलते. शिवाय तुमचा मुलगा अकरा आठवडे आधी जन्मला आहे, म्हणजे अपेक्षित तारखेपासून मोजले तर तो सव्वा वर्षाच्या थोडा पुढे आहे. इतक्या लवकर सहा महिन्यांची मुदत देणाऱ्याने एक तर मुलाला नीट तपासलेले नाही, किंवा तुम्हाला काय ऐकायचे आहे हे त्याने नीट ओळखले आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत तो आधाराशिवाय बसू लागला, तर पुढे चालण्याच्या दृष्टीने ती चांगली खूण मानतात. तूर्त लक्ष तिकडे द्या.

मी आठवड्यातून दोन दिवस अशाच एका छोट्या संस्थेत विनामूल्य काम करते. माझ्या मते संस्थेची पारख एकाच गोष्टीवरून करावी: तिथल्या एका तासातले किती शिक्षण तुमच्या हातांतून घरी जाते आणि उरलेल्या तेवीस तासांत उपयोगी पडते. लहान मुलाचा मेंदू त्याने स्वतः केलेल्या प्रयत्नातून शिकतो. आपण त्याचे पाय धरून ताणले, हलवले, तर तेवढ्यापुरते ते सैल होतात, पण त्यातून त्याला पाय वापरायला शिकवले जात नाही. खेळणे उचलायचे आहे म्हणून तो स्वतः पुढे झुकतो, तोल जातो, सावरतो, पुन्हा झुकतो, तेव्हा शिकणे घडते, आणि ते दिवसातून अनेकदा घडावे लागते. 2013 साली ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांच्या पुराव्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. निश्चित उद्दिष्ट ठेवून केलेला सराव आणि पालकांना शिकवून घरी करवून घेतलेला कार्यक्रम यांना त्यात भक्कम पुरावा असलेल्या उपचारांत स्थान मिळाले. उच्च दाबाच्या प्राणवायूच्या उपचाराला मात्र निरुपयोगी ठरवले गेले. तरीही आशेने व्याकूळ झालेल्या पालकांना तो आजही अनेक ठिकाणी सुचवला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून संस्थेत गेल्यावर 'येत्या तीन महिन्यांसाठी माझ्या मुलाचे उद्दिष्ट काय लिहिले आहे?' असे विचारा. 'पायांचा ताठरपणा कमी करणे' असे उत्तर आले तर ते अपुरे आहे. 'बुटक्या स्टुलावर पाच मिनिटे बसून दोन्ही हातांनी खेळणे' असे उत्तर आले, तर त्या माणसांनी तुमच्या मुलाकडे पाहिले आहे असे समजा.

गटाबद्दलही थोडे लिहिते. मुलांना गटात बसवून, गाण्याच्या तालावर, रोजच्या कामांतून हालचाली शिकवण्याची एक पद्धत हंगेरीतील डॉक्टर आंद्राश पेतो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बुडापेस्टमध्ये विकसित केली. 1980च्या दशकात अन्य देशांतले पालक मुलांना घेऊन तिथे जाऊ लागले, आणि परतल्यावर त्यांतल्या काहींनी आपापल्या गावी छोट्या धर्मादाय संस्था उभ्या केल्या. ही पद्धत इतर उपचारांपेक्षा सरस आहे असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. तरी शेजारचे मूल उठताना पाहून जे मूल पहिल्यांदा उठायला धडपडते, ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की गटाला मी कमी लेखणार नाही.

प्रतिसाद 2 (नऊ वर्षांच्या मुलीचा बाबा)

वरच्या प्रतिसादातले जवळजवळ सगळे मला पटते, पण एका मुद्द्यावर सावध करावेसे वाटते. उरलेल्या तेवीस तासांचे ओझे जर आईच्या डोक्यावर दिले, तर घराचे उपचार केंद्र होते. आमच्याकडे तसे झाले होते. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही भिंतीवर वेळापत्रक लावले होते, आणि एखादा व्यायाम राहिला की रात्री आम्ही दोघे एकमेकांना दोष देत असू. ज्या संस्थेत आम्ही जात होतो तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी एकदा ते वेळापत्रक मागवून घेतले, पाहिले, आणि त्यातले तीन व्यायाम ठेवून बाकीचे खोडून टाकले. ते तीनही कपडे बदलणे, अंघोळ आणि जेवण यांतच बसवून दिले. संस्थेचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. त्यामुळे 'घरी काय करायचे?' याच्या जोडीला 'घरी काय नाही केले तरी चालेल?' हेही अवश्य विचारा.

माझ्या मुलीचा प्रकार वेगळा आहे. तिला डिस्कायनेटिक सेरेब्रल पाल्सी आहे. तिचे हातपाय, चेहरा, जीभ यांच्या हालचाली तिच्या ताब्यात नसतात, आणि एखादी गोष्ट मनापासून करायची असली की त्या अधिकच उसळतात. ती बोलू शकत नाही. पहिली तीन वर्षे बहुतेकांनी, आणि लिहिताना लाज वाटते पण आम्हीही, तिला फारसे कळत नाही असेच धरले होते. संस्थेतल्या वाचा-उपचारतज्ज्ञ तिच्यासमोर दोन चित्रे धरत, प्रश्न विचारत आणि गप्प बसत. आम्ही दोन-तीन सेकंदांत तिच्या वतीने उत्तर देत असू, त्या थांबत. मान एकीकडे जायची, हात दुसरीकडे, तोंड वाकडे व्हायचे, आणि हे सगळे शमल्यावर दहा-बारा सेकंदांनी तिची नजर बरोबर त्या चित्रावर येऊन टेकायची. आज ती 'हो' म्हणण्यासाठी वर पाहते, चित्रांच्या फलकावरून नजरेने वाक्ये जुळवते आणि धाकट्या भावाची तक्रारही करते. तुमच्या मुलाला बोलण्याची अडचण येईलच असे नाही, पण संस्थेतली माणसे मुलाच्या उत्तरासाठी किती वेळ थांबतात हे मात्र जरूर पाहा.

प्रतिसाद 3 (बालमेंदूविकारतज्ज्ञ)

चर्चेत वैद्यकीय बाजूच्या दोन गोष्टींची भर घालतो, कारण चांगली स्थानिक संस्था या दोन्हींबाबत पालकांना वेळेवर जागे करू शकते.

पहिली गोष्ट खुब्याच्या सांध्याची. मांड्यांचे आतले स्नायू सतत ओढलेले राहिले की मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकू लागतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तीनपैकी एका मुलात असे घडते. पहिल्या पातळीच्या मुलांना हा धोका नगण्य असतो, तर पाचव्या पातळीच्या मुलांमध्ये तो फार मोठा असतो. सुरुवातीला दुखत नाही, आणि दुखू लागेपर्यंत पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. म्हणून तक्रार नसतानाही खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावा लागतो, आणि पहिला एक्स-रे साधारणपणे दुसऱ्या वर्षातच काढतात. तुमच्या मुलाचा काढला आहे का, हे विचारून घ्या. दर मुलाच्या नोंदवहीत शेवटच्या एक्स-रेची तारीख लिहिणारी संस्था मला मोठ्या इमारतीच्या संस्थेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलाला बहुधा लागू नाही, कारण त्याचे निदान मुदतपूर्व जन्माशी जुळणारे आहे. पण हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी ती लिहिणे आवश्यक आहे. हालचालींची अडचण असलेले प्रत्येक मूल सेरेब्रल पाल्सीचे नसते. जन्माच्या वेळी कोणतीही गुंतागुंत नव्हती, मेंदूचा एमआरआय स्वच्छ आहे, सकाळी मूल बऱ्यापैकी चालते, संध्याकाळपर्यंत पाय वाकडे पडू लागतात आणि झोपून उठल्यावर पुन्हा सुधारणा दिसते, असे चित्र असेल तर डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया हा आनुवंशिक विकार तपासायलाच हवा. जपानमधील मासाया सेगावा यांनी 1970च्या दशकात त्याचे वर्णन केले. लेव्होडोपा या औषधाच्या लहान मात्रेने अशी मुले लक्षणीयरीत्या सुधारतात, आणि हा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो. चुकीच्या निदानाखाली अनेक वर्षे काढलेली अशी मुले वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदलेली आहेत. जीएलयूटी1 या, मेंदूला साखर पोहोचवणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेत उपाशीपोटी हालचाली बिघडतात, झटकेही येऊ शकतात, आणि त्यावर कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहाराचा उपयोग होतो. मूल शिकलेल्या गोष्टी विसरत चालले असेल, तर 'हे असेच असते' हे उत्तर कोणाकडूनही स्वीकारू नका आणि पुन्हा तपासणी करून घ्या.

प्रतिसाद 4 (एका छोट्या संस्थेचा स्वयंसेवक)

मी साहित्याचा विभाग पाहतो, तेवढ्यापुरतेच लिहितो. घोट्याचे स्प्लिंट, उभे राहण्याची चौकट, आधाराची खुर्ची या वस्तू मुलाला लवकर लहान होतात, त्यामुळे संस्थेकडे खुर्च्या आणि चौकटी वापरायला देऊन परत घेण्याची सोय आहे का, हे विचारा. स्प्लिंट मात्र दुसऱ्या मुलाचे घालू नका, कारण ते ज्या पायाच्या मापाने केले असतील त्यालाच बसतात. नवे स्प्लिंट पहिल्यांदा घातले की वीस मिनिटांनी काढून कातडी पाहावी. उमटलेला लाल वळ अर्ध्या तासात मावळला नाही, तर ते परत करून दुरुस्त करून घ्यावेत. ही गोष्ट सांगायला साहित्य देणारे विसरतात आणि टाचेला जखम झाल्यावर पालक आमच्याकडे येतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. खुब्याचा एक्स-रे काढलेला नव्हता. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. काल मी रजा काढून दुसऱ्या संस्थेत पुन्हा गेले, आणि या वेळी मुलाच्या आजीलाही सोबत नेले.

उद्दिष्टाचा प्रश्न मी विचारला. त्यावर तिथल्या ताई म्हणाल्या, की आधी तुम्ही त्याला नेहमीप्रमाणे भरवा, मी पाहते. मी त्याला खुर्चीत बसवून भरवू लागले. नेहमीसारखेच तो मागे रेलत होता, पाय ताठ होऊन हवेत लोंबकळत होते, आणि चमचा हातात दिला की मूठ घट्ट आवळली जात होती. ताई पाच-सहा मिनिटे काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी कोपऱ्यातली एक लाकडी पेटी आणून त्याच्या पायांखाली ठेवली, तळवे त्यावर टेकवले आणि त्याचे कंबरडे खुर्चीत मागे सरकवून बसवले. थोड्या वेळाने तो पुढे झुकला. दुसऱ्यांदा चमचा दिला तेव्हा त्याची बोटे उघडली, आणि निम्मे सांडले तरी चमचा त्याने स्वतः तोंडापर्यंत नेला.

पहिल्या संस्थेचा आग्रह धरणाऱ्या आजींनीच घरी आल्यावर अडगळीतून एक जुनी पेटी शोधून काढली. ती हवी त्यापेक्षा दोन बोटे जास्त उंच आहे. माझे यजमान आज संध्याकाळी ती कापून देणार आहेत.