अनुभव धागा: नवरा गेल्यावर बाईच्या मनाचं काय होतं?

कळंबची_लेक: शेजारी संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं आणि मावशी आठवली, म्हणून धागा काढतेय. काका औषध पिऊन गेले, कर्ज होतं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं, नंतर कोणी फिरकलं नाही. मावशी रडायची नाही, नुसतं म्हणायची डोकं तापायलंय, छातीत धडधडायलंय, हातापायाला मुंग्या यायल्यात. गावातला डॉक्टर सलाईन लावायचा, चार दिवस बरं की परत तेच. रात्रभर जागी असते हे कुणाला माहीतच नव्हतं, विचारलंच कुणी नाही. तुमच्याकडचं लिहा.

औशाचा_बाळू: सलाईनचं लई खरंय. वडील गेले त्या साली आमची आई वेळ अमावस्येला शेतात येईना, कडब्याच्या कोपीजवळ बायका पूजा करणार, मी कशाला मधी म्हणे. घरीच बसली. आंबील नेऊन दिली तर प्यायली नाही.

पाथरीकर: आमच्या वहिनीला दुःखापेक्षा कागदानं जास्त छळलं. सातबाऱ्याला दीर आडवा, शेतकरी आत्महत्येची सरकारी मदत १ लाखाची (३० हजार हातात, ७० हजार ठेव) पण केस अपात्र. वरून सासू म्हणायची तुझ्या पायगुणानं गेला. कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

बीडवाला_७७: आमच्याकडं ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला की बाई अर्धा कोयता, मुकादम आगाऊ उचल देईना. बहिणीनं पोराला शाळेतून काढून जोडीला नेलं, ती बोच तिला अजून झोपू देत नाही.

आशाताई: मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. घरात विचारलं तर सगळ्या म्हणतात बरं चाललंय, सासू समोर बसलेली ना! म्हणून मी खुरपायला बसते सोबत, तिथं बोलतात. १४४१६ वर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात, पण मोबाईल पोराच्या हातात. एक बाई जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराला जाती, गावात सांगती दात दुखतोय. गोळ्यांनी झोप लागायलीय तिला.

निलंग्याची_मी: दात 😄 हुशार आहे बाई. २०२२ ला कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं ठराव केला, नवरा गेला म्हणून बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मग सरकारचं परिपत्रक पण निघालं. आमच्याकडं बांगड्या फोडायला सख्खी जाऊच पुढं.

पाथरीकर: परिपत्रक ग्रामपंचायतीच्या कपाटात असंल, चावी ग्रामसेवकाकडं.

लेकुरवाळी: @बाळू आंबिलीला पीठ आदल्या रात्रीच ताकात भिजवता का? आमची फाटती.

औशाचा_बाळू: आईला विचारून सांगतो. आता येती ती शेतात, भज्जी तीच करती.

लेकुरवाळी: आशाताई, आत्याचा निराधारचा पगार दिवाळीपासून आला नाही, लई घोर लावून घेतलाय तिनं. कुठं विचारायचं?

आशाताई: तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर. आधी बँकेत आधार लिंक बघा, आणि आत्याला सोबत न्या.

लेकुरवाळी: सोमवारी नेते.