मदत हवी आहे: कोलायटिस आटोक्यात असताना जठरातील एच. पायलोरीवर उपचार करावेत का?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला (वय 31) गेली सहा वर्षे अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा दीर्घकाळचा आजार) आहे. सध्या मेसालामाइन या आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांवर आजार शांत असून शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेचे मोजमाप) गेल्या महिन्यात 48, म्हणजे सामान्य आले. दिवसातून किती वेळा शौचाला जावे लागले, हे ती स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवते. यंदा तिथे एक किंवा दोन एवढेच आकडे आहेत. 2022 च्या पावसाळ्यात मात्र त्याच चौकटींत 11, 12, 14 असे आकडे आणि रक्त पडल्याच्या दिवशी लाल वर्तुळे होती. तो फ्लेअर, म्हणजे आजाराचा उफाळा, दाढेसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकनंतर आठवड्याभरात सुरू झाला होता. तो योगायोगही असेल, पण तिच्या मनातून ती भीती गेलेली नाही.

आता पोटाच्या वरच्या भागात जळजळ होऊ लागल्याने एंडोस्कोपी केली. जठराचा बारीक तुकडा किटमध्ये ठेवल्यावर त्यातील पिवळा ठिपका पाहता पाहता गुलाबी झाला. जठरात राहणारा एच. पायलोरी हा जिवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो, म्हणून रंग बदलतो, असे डॉक्टरांनी समजावले आणि क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन व आम्ल कमी करणारी गोळी असा 14 दिवसांचा कोर्स लिहून दिला. आमचे वडील जठराच्या कर्करोगाने गेले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच या जिवाणूला निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. त्यामुळे ‘राहू दे तसेच’ म्हणण्याची आमची हिंमत नाही.

अडचण अशी, की या विषयावर वाचताना क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांमध्ये एच. पायलोरी इतरांपेक्षा कमी आढळतो, क्रोन्समध्ये तर अधिकच कमी, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसल्याचे कळले. ज्या जिवाणूचे कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, तोच आतड्याचा रक्षक निघावा, हे मला चमत्कारिक वाटले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना तो चालना देतो, असे एक स्पष्टीकरण आहे. परंतु लहानपणीची अस्वच्छता या जिवाणूला वाव देते आणि कदाचित तीच आतड्याच्या आजारापासून वाचवत असेल, तर जिवाणू हा त्या बालपणाचा केवळ साक्षीदार ठरतो. शिवाय या रुग्णांनी आधीच घेतलेल्या अँटिबायोटिकांनी तो नाहीसा झाला असण्याचीही शक्यता आहे. मला हे दुसरे आणि तिसरे कारण अधिक पटते, कारण आमच्या बहिणीच्या जठरात तो असूनही तिला कोलायटिस झालाच आहे. म्हणूनच माझी खरी चिंता जिवाणू जाण्याची नसून तो घालवणाऱ्या औषधांची आहे.

कोलायटिस शांत असताना हा कोर्स घेतलेल्या कोणाला फ्लेअर आला का, आणि आला असल्यास तो कोर्स चालू असताना की संपल्यावर, हे कृपया सांगावे. कोर्सदरम्यान जुलाब लागले तर ते औषधाचे, कोलायटिसचे की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे (अँटिबायोटिकनंतर आतड्यात वाढून जुलाब लावणाऱ्या जिवाणूचे), हे ओळखण्यासाठी शौचाची तपासणी लगेच करून घेतली होती का? कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, जिवाणू गेला का हे पाहण्यासाठी श्वासाची तपासणी करायची असते असे कळले. मग ते दोन आठवडे जळजळ कशी सोसली? जाणकार डॉक्टर इथे असतील तर, 2022 चा अनुभव पाहता औषधांची निवड बदलून मागणे रास्त आहे का, तेही सांगावे. (दही आणि बेलफळाचे सल्ले भरपूर मिळाले आहेत, त्याबद्दल आभार.)

डॉक्टरांची पुढची वेळ येत्या गुरुवारी आहे. आणलेली पाकिटे तोवर न फोडता फळीवर ठेवली आहेत. मेसालामाइन मात्र नेहमीप्रमाणे चालू आहे.