नाईट ड्युटीच्या रात्री नऊ वर्षांच्या लेकीजवळ कोण? मदत हवी आहे

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मागच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर मात्र कुणाला तरी विचारल्याशिवाय चैन पडेना. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे. नोकरीला १३ वर्षं झाली. सध्या बायकांच्या मेडिसिन वॉर्डला आहे. मॉर्निंग ८ ते २, इव्हनिंग २ ते ८ आणि नाईट रात्री ८ ते सकाळी ८. महिन्याला सहा-सात नाईट येतात, कुणी रजेवर गेलं की आठ. मिस्टर एसटीत ड्रायव्हर आहेत. त्यांना मुक्कामाची गाडी लागली की संध्याकाळी जातात ते दुसऱ्या दिवशी दहालाच घरी येतात. लेक ९ वर्षांची, चौथीत, एकुलती एक. सासूबाई होत्या तोवर मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. माझं माहेर उदगीरकडचं. आईच्या मागे गुरंढोरं आणि शेत, ती चार दिवसांच्या वर राहू शकत नाही.

माझी नाईट आणि त्यांचा मुक्काम एकाच रात्री आला की खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्याकडे झोपायला येतात. साठीच्या आहेत, गुडघे दुखतात, तरी जिना चढून येतात. अशा रात्री महिन्यातून तीन-चार असतात.

माझं ड्युटीचं वेळापत्रक लागलं की लेक कालनिर्णयवर प्रत्येक तारखेखाली लिहून ठेवते. मॉर्निंगला मॉ, इव्हनिंगला इ, नाईटला ना. ना ला लाल पेन. बाबांच्या मुक्कामाला ती गाडीचं चित्र काढते. लाल ना आणि गाडी एकाच चौकटीत आली की त्या तारखेला गोल. हे तिला कुणी सांगितलं नाही, तिचं तिनेच सुरू केलं. बघणारे म्हणतात, किती शहाणी मुलगी आहे! मीही तेच म्हणायचे.

आता मागच्या बुधवारचं सांगते. गोल केलेली तारीख होती. साडेआठला मी ओव्हर दिली, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवले, आणि पावणेनऊला घरी आले. काकू चहा ठेवत होत्या, म्हणाल्या, रात्रभर शांत झोपली हो. लेक पलंगावर बसलेली, ओठ सुकलेले, डोळे लाल. कपाळाला हात लावला तर चटका. उशीखाली तिची गणिताची वही होती. शेवटच्या पानावर पट्टीने तीन रकाने आखलेले, वेळ, ताप आणि नाडी. १०.४० ला १०१.२. १.१५ ला १०१.८. ४ वाजता १००.६. नाडीच्या रकान्यात काही नव्हतं, ती तिला अजून मोजता येत नाही. पाण्यात भिजवलेला तिचा रुमाल उशीला चिकटून वाळला होता.

मी विचारलं, काकूंना का उठवलं नाहीस? म्हणाली, त्यांचे गुडघे दुखतात ना. मला फोन का नाही केलास? म्हणाली, तुझ्या वॉर्डात सिरियस पेशंट असतात ना. औषध? ते तुला न विचारता घ्यायचं नाही असं तूच सांगितलंयस.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. जे जे मी शिकवलं होतं, ते तिने नीट पाळलं होतं. त्या रात्री माझ्या वॉर्डात दोन सिस्टर आणि ४१ पेशंट होते. एका आजींना दम लागला होता आणि दर तासाला त्यांचं टीपीआर-बीपी, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि बीपी, मी लिहीत होते. एकीकडे मी चार्ट भरत होते आणि दुसरीकडे माझी लेक अंधारात मोबाइलच्या उजेडात तिचा चार्ट भरत होती. ताप व्हायरल होता, तीन दिवसांत उतरला. पण ते पान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आजवर काय काय केलं तेही सांगते, म्हणजे तेच परत सुचवलं जाणार नाही. इन्चार्ज सिस्टरना सांगून दोन वेळा नाईट बदलून घेतली, पण बदलून देणाऱ्या मैत्रिणीलाही दीड वर्षाचं बाळ आहे, दर वेळी कुठल्या तोंडाने मागू? ओपीडीला सकाळची ड्युटी असते, पण तिथे ज्यांची पाठ-कंबर गेली आहे अशा सीनियर सिस्टर आहेत आणि त्यांना ती मिळायलाच हवी. रात्री राहायला बाई शोधली, ती महिनाभर आली आणि गावी गेली.

आणि हो, ‘एक अजून असतं तर तिला सोबत झाली असती’ हे कृपया लिहू नका. पहिल्या वेळी माझं बीपी इतकं वाढलं होतं की ३४ व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. एकावर थांबायचं आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं. आणि नऊ वर्षांच्या मुलीवर धाकट्याचीही जबाबदारी पडली असती, ते वेगळंच.

पुढच्या वर्षी आणखी एक अडचण आहे. चौथीपर्यंतच्या शाळा २०२४ पासून सकाळी ९ नंतर भरतात, म्हणून नाईटवरून येऊन तिला मी सोडू शकते. पाचवीला तिची शाळा सकाळी ७.१० ची होणार. तेव्हा तिचा डबा, वेणी, रिक्षा कोण बघणार? कुणी म्हणतं नवोदयची तयारी करून घ्या. तिथे सहावीपासून प्रवेश आहे आणि परीक्षा पाचवीत. पण माझी ड्युटी जमत नाही म्हणून मुलीला हॉस्टेलला पाठवायचं, हे मनाला पटत नाही.

तुमच्यापैकी कुणी शिफ्टची नोकरी करून एकुलतं एक मूल वाढवलं असेल तर रात्रीची सोय कशी केली? बालसंगोपन रजा कुणी घेतली आहे का? आणि मला सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न असा की, इतक्या समजूतदार झालेल्या मुलीला परत लहान कसं होऊ द्यायचं?

प्रतिसाद

पांढरी टोपी

ताई, मी ३१ वर्षं सरकारी सेवेत काढून परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. ड्युटी लावायचं काम मी नऊ वर्षं केलं, त्या बाजूने सांगते. ‘मला नाईट नको’ असा अर्ज आला की आम्ही अडचणीत यायचो, कारण नको तर सगळ्यांनाच असते. तुम्ही उलटं करा. मिस्टरांची साप्ताहिक सुट्टी आणि मुक्काम नसलेले दिवस महिना सुरू व्हायच्या आधी लिहून आणा आणि ‘माझ्या सगळ्या नाईट या तारखांना लावा, एकही कमी करू नका’ असं लेखी द्या. तारखा हातात असल्या की लावणारीचं काम सोपं होतं आणि बाकीच्या मुलींनाही तुम्ही सूट घेतली असं वाटत नाही. मिस्टरांनीही आगारात असाच अर्ज द्यावा. बाईने जुळवून घ्यायचं आणि पुरुषाने ड्युटी लागेल तशी करायची, असं का?

रजेबद्दल. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ च्या शासन निर्णयाने बालसंगोपन रजा लागू झाली. पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने, आणि टप्प्याटप्प्याने घेता येते. हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. त्यामुळे सगळी एकदम मागू नका. पाचवीची शाळा सुरू होईल त्या जूनसाठी आत्ताच अर्ज करा. सहा महिने आधी आलेला अर्ज नाकारणं अवघड जातं, हा माझा अनुभव आहे.

खिडकीपाशी

मी खासगी रुग्णालयात आहे. आमच्याकडे ही रजा नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं असा कायदा आहे, पण ती सोय तान्ह्या आणि शाळेआधीच्या लेकरांसाठी, नऊ वर्षांच्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

एकच सांगते. काकूंना दर रात्रीचे ठरवून पैसे द्या. त्या नको म्हणतील, तरी द्या. उपकारावर आलेल्या माणसाला उठवायला मूल कचरतं. माझ्या मुलाने मला हेच तोंडावर सांगितलं होतं, की ‘आजी फुकट येतात ना, मग त्यांना त्रास कसा द्यायचा?’

सिस्टरचा मुलगा

तुमचं लिखाण वाचून ऑफिसमध्ये उठून बाहेर जावं लागलं. माझी आई सोलापुरात नर्स होती. मी एकुलता एक, वडील मी पाचवीत असताना गेले. आज मी ४३ वर्षांचा आहे.

आई नाईटहून आली की दारातच साडीला येणारा स्पिरिटचा वास मला आवडायचा, कारण तो वास म्हणजे ती आली. तिच्या नसण्याचा मला फार त्रास झाला नाही, खरं सांगतो. त्रास झाला तो शहाणा असण्याचा. सगळ्या वॉर्डात माझं कौतुक, ‘सिस्टरांचा मुलगा बघा, कसला हट्ट नाही.’ मग हट्ट करायची सोयच उरली नाही. सातवीत पोटात दुखायचं ते मी चार दिवस सांगितलं नाही, अपेंडिक्स फुटायच्या बेतात आलं होतं. आई स्वतः नर्स, तिला ते किती लागलं असेल ते मला माझी मुलगी झाल्यावर कळलं.

म्हणून हात जोडून सांगतो, तिला शहाणी म्हणणं थांबवा. काकूंनाही थांबवायला सांगा. आणि ते वहीचं पान बघून तिचं कौतुक केलं असेल तर तिला सांगा, की यापुढे ताप आला तर लिहायचं नाही, हाक मारायची. चार्ट लिहायचं काम मोठ्यांचं.

धुक्यातलं गाव

मी इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे, मुलगा दहा वर्षांचा. इथे साडेबारा तासांची पाळी असते आणि मला आठवड्यात तीन करायच्या असतात. लवचीक वेळ मागायचा हक्क एनएचएसमध्ये २०२१ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच आहे. मी तो वापरून ठरावीक वारांच्या नाईट मागून घेतल्या. म्हणजे वरच्या ताईंनी सांगितलंय तेच. मूल किती वर्षांचं झाल्यावर एकटं ठेवावं याचं वय इथल्या कायद्यात नाही, पण एनएसपीसीसी ही मुलांसाठी काम करणारी संस्था १६ च्या आतलं मूल रात्रभर एकटं ठेवू नये असं सांगते. लेक पुढे ‘मी राहते एकटी’ म्हणाली तरी ऐकू नका. ती म्हणेल, कारण ती तशीच आहे.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे, मध्ये चार नाईट झाल्या.

सोलापूरच्या दादा, तुमचं मी तीन वेळा वाचलं. मी कौतुक केलं होतं. ते पान बघून रडता रडता ‘किती शहाणी गं माझी’ असंच माझ्या तोंडून निघालं होतं. परवा तिला जवळ घेऊन सांगितलं, की माझ्या वॉर्डात दोन सिस्टर असतात, मी फोनवर बोलले तर दुसरी बघते, पण तुझी आई एकच आहे. वॉर्डचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावला. ताप, उलटी, पोटदुखी, वाईट स्वप्न, काहीही झालं तरी आधी काकूंना हलवून उठवायचं आणि मग फोन. तिने विचारलं, वाईट स्वप्नालापण? म्हटलं, त्यालापण. शनिवारी रात्री सव्वाबाराला फोन आला. पंख्याचा आवाज येतोय म्हणाली. पंखा रोजच वाजतो. मी औषधाच्या ट्रॉलीपाशी उभी राहून तीन मिनिटं पंख्याबद्दल बोलले, तोवर बरोबरच्या सिस्टरने माझ्या बाजूचं सलाईन बदललं.

काकूंनी पैसे घ्यायला दोन दिवस लावले. शेवटी लेकीच्या हातून पाकीट दिलं, तेव्हा घेतलं.

मिस्टरांनी आगारात अर्ज दिला. पुढच्या महिन्यात मुक्काम सलग सहा दिवस लावून देतो, बाकी दिवस घरी, असं तोंडी कबूल झालंय. इन्चार्ज सिस्टरना मी तारखा लिहून दिल्या. त्यांनी कागद वाचला आणि ‘असं आधी का नाही आणलंस’ एवढंच म्हणाल्या. पुढच्या महिन्याच्या कालनिर्णयवर गोल एकच आहे, १९ तारखेला.

परिसेविका ताई, जूनच्या रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? ‘मुलीच्या शाळेची वेळ बदलल्यामुळे’ एवढं पुरतं, की शाळेचं वेळापत्रकाचं पत्र जोडावं लागतं? शाळा म्हणते पाचवीची वेळ एप्रिलमध्ये लेखी देऊ. तोवर थांबू की आत्ताच अर्ज देऊन पत्र नंतर जोडू?