मदत हवी आहे: रीमॅप केलेल्या पोलोची डायनो टेस्ट (रोलरवर गाडी चालवून पॉवर मोजणं)

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो, ७ गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). कंपनीचा आकडा १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर; पण तो इंजिनाचा, चाकांवर कमीच मिळतो. दोन महिन्यांपूर्वी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप करून घेतला, म्हणजे पॉवर वाढवायला त्यातली सेटिंग बदलली. ट्यूनरच्या कागदावर नुसतं '१३२' लिहिलंय. चाकांवर की इंजिनाला, किती तापमानाला, काहीच नाही. रीमॅपआधीचा डायनो रन घेतला नाही, याची फार हळहळ वाटते.

आता स्टॉक मॅप (कंपनीची मूळ सेटिंग) परत टाकून, एकाच दिवशी एकाच रोलरवर दोन्ही मॅपचे तीन-तीन रन घ्यायचे आहेत. आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की पॉवर पडते. म्हणून सकाळी लवकर, समोर मोठा पंखा लावून.

जाणकारांनी सांगा: डीएसजीला रन कोणत्या गिअरमध्ये घ्यावा? मॅन्युअल मोडमध्ये ठेवूनही पेडल पूर्ण दाबलं की गिअर खाली पडतो, तो कसा टाळायचा? एसएई करेक्शन (हवामानानुसार आकडा एका ठरावीक मापावर आणणं) २५ अंश धरून करतात. टर्बो गाडीला ते लावावं की कच्चा आकडाच घ्यावा? आणि बडोदा-अहमदाबाद पट्ट्यात भरवशाचा डायनो कुणी स्वतः वापरलाय का? ग्राफ असेल तर कृपया टाका.