मदत हवी आहे: दिवाळीत पाच दिवस कंपनी बंद, पोरांसोबत साधंसं काय करता येईल?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी भोसरीला राहतो, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, तिन्ही शिफ्ट फिरत्या. आमची सुट्टी गुरुवारी. आमच्याकडं विजेच्या भारनियमनापायी वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार सुट्टीला वाटून दिलेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला तो आलाच. पोरांना सुट्टी रविवारी. म्हणजे मी घरी असतो तेव्हा ती शाळेत आणि ती घरी असतात तेव्हा मी कंपनीत, नाहीतर थर्ड शिफ्ट करून आल्यामुळं झोपलेला. मुलगा चौथीत आहे, मुलगी सहा वर्षांची. परवा मुलीनं तिच्या आईला विचारलं की पप्पा दिवाळीला तरी येणार का. अगं मी ह्याच घरात राहतो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

तर यंदा धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत कंपनी पूर्ण बंद आहे. ओव्हरटाईमला बोलावतील तर नाही म्हणून सांगणार आहे. बायको ब्लाऊज शिवते, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत तिला मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा निदान तोवर दोन्ही पोरं माझ्याकडं असावीत असं मनात आहे. आई पण आमच्याकडंच असते, तिचे गुडघे दुखतात, जास्त चढउतार जमत नाही.

मागच्या मे महिन्यात महाबळेश्वरला गेलो होतो, दोन दिवस. त्यातला निम्मा वेळ घाटात गाडीतच गेला, पोरगी उलट्या करून बेजार, आणि खर्च एवढा झाला की घरी आल्यावर आम्ही दोघं आठ दिवस हिशोबच करत होतो. लांब जायचं नाही हे ठरलंय. मॉलमध्ये पण नको, तिथं पोरं हे घ्या ते घ्या करतात आणि मी नाही नाही करत राहतो, एवढंच बोलणं होतं आमचं.

मुलाला किल्ला करायचाय आणि त्यातही लोहगडच करायचाय. 2025 मध्ये आपले 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले ना, त्यात लोहगड आहे, हे शाळेत सांगितलंय त्याला. पुरंदरच्या तहात गेला आणि 1670 मध्ये महाराजांनी परत घेतला हे सगळं पाठ आहे, पण गड अजून बघितलेला नाही. इथून एवढा जवळ असून मी पण नाही बघितला.

माझे प्रश्न असे:
किल्ल्याचा विंचूकाटा, म्हणजे लोहगडाची ती लांब निमुळती सोंड, कसा करायचा? मागच्या वर्षी शेजारच्या पोरांनी केलेला, दुसऱ्याच दिवशी ढासळला.
सहा वर्षांच्या मुलीला घेऊन लोहगड झेपेल का, लोकलनं जायचंय, मुलांना लोकलचं फार वेड आहे.
आईला कुठं नेऊ?
आणि दिवाळीनंतर परत गुरुवार सुरू होतील त्याचं काय करू, हे कुणी जमवलं असेल तर नक्की सांगा.

---

मावळची लेक
दादा, माझं माहेर कामशेतजवळ, म्हणून लिहिते. भोसरीहून कासारवाडी स्टेशन गाठा, तिथून लोणावळा लोकल, माळवलीला उतरायचं. वडगाव सोडलं की मुलांना खिडकीत बसवा, त्या दिवसांत भात कापणीला आलेलं असतं, दोन्हीकडं पिवळंधमक. दुपारच्या गाड्या कमी असतात, सकाळी लवकर निघा आणि परतीची वेळ जातानाच स्टेशनवर बघून ठेवा. माळवलीहून चालत गेलात तर मुलगी गडाखालीच दमेल, त्यापेक्षा लोहगडवाडीपर्यंत गाडी करा, तिथून पायऱ्या आहेत. मधे मधे बसत गेलं तर लहान मुलं आरामात चढतात. चारही दरवाजे, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, हे मुलाला ओळखायला लावा. विंचूकाट्याच्या टोकापर्यंत मात्र मुलीला नेऊ नका, वरून नुसता बघा. गडावर 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.
आणि येताना अंगात त्राण असेल तर भाजे लेणी. चैत्याच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यात लाकूड, मी दरवेळी मान वर करून बघत बसते. त्राण नसेल तर सोडा, परत जाता येईल.

गोणपाट
किल्ल्याचं मी सांगतो, वीस वर्षं करतोय, आधी स्वतःसाठी आता भाच्यांसाठी. विंचूकाटा ढासळतो कारण तो नुसत्या मातीचा करतात. आधी विटा एकामागं एक आडव्या ठेवून सोंड करून घ्या, टोकाकडं अर्ध्या विटा. त्यावर गोणपाट चिखलात बुडवून, हलकं पिळून अंथरायचं, आणि मग चाळलेल्या लाल मातीचा पातळ लेप हातानं. एकदम जाड थर दिला की वाळताना भेगा पडतात, म्हणून दोन हात द्या, पहिला सुकल्यावर दुसरा. हळीव वसुबारसेलाच पेरा म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवं दिसायला लागतं, पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं. हे काम मुलीला द्या, सकाळ संध्याकाळ तिचीच जबाबदारी.
एक मात्र सांगतो, किल्ला मुलाला करू द्या. बुरूज वाकडा झाला तर वाकडा. माझे वडील रात्री उठून माझा किल्ला नीट करून ठेवायचे, सकाळी तो माझा वाटायचाच नाही.

सुनंदाताई_चिखली
आईंना देहूला घेऊन जा, लांब नाही. गाथा मंदिरात भिंतींवर तुकोबांचे अभंग कोरलेत, आईंना जे पाठ असतील ते त्या भिंतीवर शोधतील आणि नातवंडांना वाचून दाखवतील, तुम्ही नुसतं मागं चाला. मग इंद्रायणीच्या घाटावर बसायचं, घरून दशम्या आणि चटणी न्यायची. माझ्या सासूबाईंना नेलं होतं तर त्या माहेरच्या गोष्टी सांगायला लागल्या, ज्या आम्ही चौदा वर्षांत ऐकल्या नव्हत्या.
आणि भाऊ, पाडव्याला बायकोला झोपू द्या. एवढे दिवस मशीनवर बसलेली असते ती. पाणी तुम्ही तापवा, पोरांना तेल उटणं तुम्ही लावा, चहा करून मग उठवा तिला. माझ्या मिस्टरांनी एकदाच केलंय हे आणि मी अजून विसरले नाही.

रातपाळी
मी पण शिफ्टवालाच आहे, चाकणला. गुरुवारचं मी असं केलं की शाळा सुटायच्या वेळी गेटवर मीच उभा राहतो, रिक्षा त्या दिवशी बंद. चालत घरी यायचं, पंचवीस मिनिटं लागतात. सुरुवातीला मुलगा काहीच बोलायचा नाही, मी विचारायचो शाळेत काय झालं, तो म्हणायचा काही नाही. मग मी विचारणंच सोडलं, आणि तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी आपोआप बोलायला लागला. वाटेत उसाचा रस, बास. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी आल्या आल्या झोपतो म्हणजे तेवढ्या वेळेला जाग येतेच.
भाऊबीजेला अंधार पडायच्या आधी सगळ्यांना गच्चीवर न्या. पश्चिमेला बीजेची कोर दिसते, फार वेळ राहत नाही. मग जरा वेळानं पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, आमची आई त्याला सात बहिणी म्हणायची. सतरंजी टाकून पडायचं, मोबाईल खालीच ठेवायचा.

---

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि दोनदा वाचलं.
ठरवलं ते असं: वसुबारसेला सेकंड शिफ्टला जायच्या आधी सकाळी हळीव आणि माती आणतो, धनत्रयोदशीला विटा लावायच्या, पाडव्याला पाणी मी तापवणार (बायकोला अजून सांगितलं नाही), त्याच दुपारी आईला देहू, आणि भाऊबीजेला बहीण येणार आहे तर गच्ची. लोहगड दिवाळीतच उरकत नाही, पोरांना शाळेची सुट्टी पुढं आठवडाभर आहे आणि त्यात एक गुरुवार येतोय, तेव्हा गर्दी पण कमी असेल. गोणपाटदादा, किल्ल्याला हात लावणार नाही, शब्द देतो. फक्त विटा मी उचलून देईन.
सुनंदाताई, आईला देहूचं सांगितलं तर तिनं आत्ताच पिशवी काढून ठेवलीय.
अजून एक, भोसरीत चांगली लाल माती कुठल्या नर्सरीत मिळते कुणाला माहितीये का? आमच्याकडची सगळी मुरमाड आहे.