मदत हवी आहे : ब्रेक दाबताच इंजिनातून फुसफुस आवाज
माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन न्यूट्रलवर चालू असताना हवा गळावी तसा सतत फुसफुस आवाज येतो, आणि ब्रेक दाबून धरला की तो वाढून इंजिनही थरथरू लागते. इनटेक मॅनिफोल्डकडून (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांकडून) ब्रेक बूस्टरकडे (इंजिनच्या निर्वाताच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे) जाणारा रबरी पाइप पकडीने चिमटला, तेव्हा आवाज तत्काळ थांबला. पाइपला तडा मात्र दिसत नाही. इंजिन बंद ठेवून ब्रेक काही वेळा दाबला आणि पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले, तर पेडल थोडे खाली सरकायला हवे, पण ते जेमतेम खाली जाते. त्यामुळे बूस्टरचा आतील पडदा फाटला असावा, असे मला वाटते. गॅरेजमध्ये मात्र थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करण्याचाच आग्रह आहे. पूर्ण बूस्टर बदलण्यापूर्वी त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि त्याखालचे रबर कसे तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तोवर गाडी घाटात न्यायची नाही, हे ठरवले आहे.